सर, मॅडम आणि निळं पडलेलं सोनं

सकाळपासून तिसऱ्यांदा सोनं निळं पडलं, तेव्हा सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि चंबूकडे पाहिलं. चष्म्याचा काही दोष नव्हता. चंबूतलं पाणी शाई कालवल्यासारखं निळंजांभळं दिसत होतं, आणि ते लाल व्हायला हवं होतं. दुपारी पाहुणे परीक्षक यायचे होते. त्यांच्या डोळ्यांदेखत ते लाल झालं नाही, तर सरांची पीएचडी गेली. मुदतवाढ मागून झाली होती, परत मागून झाली होती, आणि आता मागू नका असं ऑफिसने स्वच्छ सांगितलं होतं.

खरं तर सरांचं हे पीएचडी करायचं वय नव्हतं. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवता शिकवता निवृत्ती हाकेच्या अंतरावर आली होती. पण जन्मभर पोरांना "पुढे शिका, पुढे शिका" म्हणून सांगितलं आणि आपण मात्र जागचे हललो नाही, ही बोच त्यांच्या मनात होती. निवृत्त व्हायच्या आत नावाआधी डॉक्टर लागावं, एवढंच त्यांना हवं होतं.

काम ऐकायला सोपं. सोन्याच्या क्षाराचं पातळ द्रावण उकळायचं आणि त्यात सायट्रेट घालायचं. मग सोन्याचे डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक कण, म्हणजे नॅनोकण, तयार होतात आणि सगळं पाणी डाळिंबाच्या रसासारखं लाल होतं. कण सुटे राहिले तर लाल, एकमेकांना चिकटून गठ्ठे झाले तर निळं. सरांचं सोनं वर्षभर गुणी मुलासारखं लाल होत आलं होतं. पण पाहुण्यांनी मागच्या अहवालावर शेरा मारला होता : "तुमच्याकडे होतं हे वाचलं. माझ्यासमोर करून दाखवा." आणि नेमक्या त्याच दिवशी सोन्याला दुर्बुद्धी सुचली होती.

"मॅडम, परत निळं," सर म्हणाले.

"असू दे, सर," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे, असू दे असं नाही. पण... बघू या ना."

"तुम्ही म्हणाल तसं."

"छे छे, तुम्ही म्हणाल तसं."

इथेच सगळं घोडं पेंड खात होतं. मॅडम या सरांच्या गाइड होत्या, आणि एके काळी त्या सरांच्याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसत होत्या. घाणेरडा चंबू वापरला म्हणून सरांनी त्यांना एकदा प्रयोगशाळेबाहेर उभंही केलं होतं. पुढे त्या शिकल्या, मोठ्या झाल्या, आणि सरांना गाइड मिळेना तेव्हा आपण होऊन पुढे आल्या. तेव्हापासून त्या आत आल्या की सर उठून उभे राहायचे, आणि सर उभे असताना मॅडम बसायच्या नाहीत. त्यामुळे या प्रयोगशाळेतलं संशोधन चालायचं ते उभ्यानेच.

दुसरा कुणी गाइड असता तर त्याने पहिल्याच निळ्या चंबूला "भांडी घासता येत नाहीत का रे?" म्हणून विद्यार्थ्याला फैलावर घेतलं असतं. दुसरा कुणी विद्यार्थी असता तर त्याने "गाइड काही बघतच नाही" म्हणून जिन्यात बोटं मोडली असती. इथे दोघांचीही पंचाईत. राग दोघांनाही आला होता, पण तो काढायचा कुणावर?

"सर, चंबू... धुतला गेला असेलच ना?" मॅडमनी अंदाज घेत विचारलं.

"गेला आहे, मॅडम. अम्लराजाने." अम्लराज म्हणजे सोन्यालाही विरघळवणारं जहाल आम्ल. त्याने धुतलेल्या भांड्यावर शंका घेणं म्हणजे धुणाऱ्यावरच शंका घेणं.

"आणि नंतर डिस्टिल्ड पाण्याने..."

"चांगला खळखळून विसळलाय."

"मग प्रश्नच नाही!" मॅडम घाईघाईने म्हणाल्या. "मी आपलं सहज विचारलं."

"विचारायलाच हवं, मॅडम. गाइडचा तो हक्कच आहे."

"नाही हो सर, हक्क कसला!"

असं एकमेकांचा मान राखण्यात बराच वेळ गेला. मग संशय सायट्रेटवर गेला. ताजं सायट्रेट तोललं, ताजं द्रावण केलं. निळं. मग शेगडीवर गेला. शेजारच्या प्रयोगशाळेतून शेगडी मागून आणली. निळं. सोन्याच्या क्षाराची नवी बाटली फोडली, तीही अगदी जपून, कारण ती बाटली म्हणजे शेवटी सोनंच. द्रावण उकळलं, सायट्रेट घातलं, पाणी काळपट झालं, जांभळ्याकडे वळल्यासारखं वाटलं आणि तिथेच आडमुठ्यासारखं बसलं.

"मॅडम, मला वाटतं ढवळणारा चुंबक..."

मॅडमनी चुंबकाचा वेग कमी करायला हात पुढे केला आणि सर एकदम ओरडले, "अगं ए, हात नको लावूस!"

मॅडमनी दोन्ही हात झटकन पाठीमागे घेतले, अगदी वर्गात घ्यायच्या तसे.

"नका लावू, म्हणजे," सर ओशाळून म्हणाले. "गरम आहे, मॅडम."

"हो सर. सॉरी सर."

आता दोघांच्याही घशाला कोरड पडली होती. दाराजवळच्या स्टँडवर पिण्याच्या पाण्याचा कॅन होता. सरांनी एक पेला भरून मॅडमना दिला, एक स्वतः घेतला. पाणी अगदीच बेचव लागलं. काळजीने आपल्या तोंडाची चवच गेली, असं सरांना वाटलं. मॅडमनाही ते बेचव लागलं, पण सर मुकाट्याने पिताहेत तर आपण कसं नाक मुरडायचं, म्हणून त्यांनीही पेला संपवला. वर "गार आहे," असंही म्हणाल्या.

तेवढ्यात सरांचा फोन वाजला. घरून होता. सरांचा सगळा प्रबंध त्यांची बायको टाइप करत होती, कारण सर दोन बोटांनी टाइप करायचे आणि त्यातलंही एक बोट चुकायचं.

"अहो, झालं का लाल?"

"नाही."

"मग कसं झालंय?"

"निळं."

"मग निळं लिहू? शेवटचं प्रकरण तेवढं राहिलंय. बसलेय मी कधीची."

"अगं, निळं लिहून कसं चालेल? सगळा प्रबंध लाल आहे!"

"मला काय, सांगाल ते टाइप करते. पण काहीतरी एक सांगा. इतकी वर्षं नॅनो नॅनो बडवून माझी बोटं झिजली, तुमचं सोनं काही झालं नाही."

बायकोवर चिडायला काहीच हरकत नव्हती, म्हणून सर चिडले. "तुला रसायनशास्त्रातलं काय कळतं?" म्हणाले. ती "तुम्हाला तरी कुठे कळतंय?" म्हणाली आणि तिने फोन ठेवला.  निळे चंबू खिडकीत ओळीने उभे होते.

शेवटचा उपाय म्हणून मॅडमनी त्यातला एक नमुना स्पेक्ट्रोमीटरमध्ये ठेवला. हे यंत्र द्रावण कोणता प्रकाश किती गिळतं ते मोजतं आणि आलेख काढतं. सोनं चांगलं असेल तर पाचशे वीस नॅनोमीटरच्या जवळ एक नीटस टेकडी उठते. आज पडद्यावर उठली ती टेकडी नव्हतीच. काहीतरी लांबच्या लांब पसरलं होतं.

"सर, हा आलेख जरा... रुंद आलाय," मॅडम म्हणाल्या.

"रुंद नाही मॅडम, आडवा पडलाय. उगाच माझं मन राखू नका!"

सरांचा आवाज चढला होता. तो चढल्याचं त्यांच्या लक्षात आलं, आणि ते माफी मागणार एवढ्यात मॅडमनीच मागितली. त्या "सॉरी"ने सर आणखी वैतागले. एकदा तरी ही बाई आपल्याला रागावली तर बरं, असं त्यांना मनापासून वाटलं. रागावली असती तर निदान कळलं असतं, की तिला अजून आपली आशा आहे.

आणि त्याच वेळी दारात पाहुणे उभे राहिले.

पाहुणे सडपातळ, कोरडे आणि वेळेच्या बरेच आधी आलेले होते. लिफ्ट बंद असल्यामुळे दोन जिने चढून आले होते आणि त्याबद्दलची नाराजी त्यांच्या श्वासात ऐकू येत होती. त्यांनी नमस्कार चमत्कार न करता खुर्ची ओढली.

"आधी पाणी द्या."

मॅडमनी धावत जाऊन स्टँडवरच्या कॅनमधून पेला भरला. पाहुण्यांनी एक घोट घेतला, तोंडातल्या तोंडात फिरवला आणि पेला खाली ठेवला.

"हे काय पाजताय मला?"

"पाणी, सर," मॅडम म्हणाल्या.

"हे पिण्याचं पाणी नाही. डिस्टिल्ड आहे. आयुष्य गेलं माझं या पाण्यात."

सरांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी सरांकडे पाहिलं. मग दोघांनी एकदमच ओट्याखालच्या कॅनकडे पाहिलं. सकाळपासून ज्या पाण्यात सोनं शिजवलं होतं, ज्या पाण्याने प्रत्येक चंबू खळखळून विसळला होता, ते पाणी तिथलं. दोन्ही कॅन पांढरे, दोन्ही वीस लिटरचे, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं असे. डिस्टिल्ड पाण्याचा जुना कॅन निळा होता. तो गळायला लागला म्हणून कालच त्याच्या जागी हा पांढरा आला होता.

सर कपाटाकडे गेले आणि सिल्व्हर नायट्रेटची बाटली घेऊन आले. पाण्यात क्षार असतील तर याचा एक थेंब टाकला की पांढरा ढग उठतो. हे सर दरवर्षी नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात शिकवत. त्यांनी ओट्याखालचं पाणी परीक्षानळीत घेतलं आणि थेंब टाकला. ढग असा उठला, की नळीच्या पलीकडचं दिसेना.

क्षार आले की सोन्याचे कण एकमेकांना चिकटतात आणि रंग निळा होतो, हे सरांच्या प्रबंधात तिसऱ्या प्रकरणात स्पष्ट लिहिलेलं होतं. बायकोने ते टाइप केलं होतं. मॅडमनी ते तपासून खाली सही केली होती.

"सर!" मॅडम ओरडल्या. "अहो सर, सकाळपासून आपण पिण्याच्या पाण्यात सोनं करतोय! साधं पाणी तपासलं नाहीत तुम्ही?"

ओरडल्यावर त्या स्वतःच दचकल्या. पण सरांचा चेहरा उजळला होता. "नाही तपासलं, मॅडम. चुकलंच माझं," ते म्हणाले, आणि इतक्या हलक्या मनाने ते सबंध दिवसात काही बोलले नव्हते.

"तुमचं झालं असेल तर करून दाखवता का?" पाहुणे म्हणाले.

नवा चंबू आला. तो पिण्याच्या पाण्याच्या तोटीखाली विसळला गेला, कारण आता डिस्टिल्ड पाणी तिथे होतं. सोन्याचं द्रावण उकळू लागलं. सरांनी सायट्रेट घातलं. फिकट पिवळी झाक गेली, पाणी निर्मळ झालं, मग राखाडी, मग काळपट निळं. इथे सरांनी श्वास रोखला, कारण सकाळपासून गाडी इथेच अडत होती. मॅडमनी टेबलाची कड घट्ट धरली. पाणी जांभळं झालं. मग त्या जांभळ्यात कुठूनतरी तांबडं फुटलं, वाढत गेलं, आणि बघता बघता सबंध चंबू लालभडक झाला. सरांचे डोळे भरून आले. चष्म्यावर वाफ आली आहे असं त्यांनी दोनदा सांगितलं, कुणी विचारलं नसताना.

यंत्रावर टेकडीही उठली, पाचशे वीसच्या जवळ, नीटस. पाहुण्यांनी आलेखावर सही केली. सरांना वाटलं, सुटलो. पण पाहुणे उठले नाहीत. ते खिडकीतल्या निळ्या चंबूंकडे पाहत होते.

"पाणी बदललं कसं?" त्यांनी विचारलं. "हे कॅन कोण भरतं?"

"मामा," सर आणि मॅडम एकदम म्हणाले.

मामा म्हणजे विभागाचे शिपाई. ते व्हरांड्यातल्या स्टुलावर बसलेले असत आणि त्यांना तिथून उठलेलं फारसं कुणी पाहिलं नव्हतं. त्यांना आत बोलावलं.

"मामा, पाणी तुम्हीच भरता ना?"

"कुठलं?"

"डिस्टिल्ड," सर म्हणाले. "पिण्याचं," मॅडम म्हणाल्या.

"मी?" मामांना धक्का बसला. "खालनं? लिफ्ट बंद असताना? मी नाही बुवा भरत."

"अहो, मी रोज तुम्हाला पाण्याबद्दल थँक्यू म्हणते ना!" मॅडम म्हणाल्या.

"मीही म्हणतो," सर म्हणाले.

"म्हणता, म्हणून ऐकून घेतो," मामा म्हणाले. "एवढी शिकलेली माणसं. तुम्हाला तोंडावर खोटं कसं पाडायचं?" आणि ते स्टुलावर परत गेले.

 मग मॅडम खाली मान घालून म्हणाल्या, "डिस्टिल्ड पाणी मी आणते. रोज, सर यायच्या आधी. ते खरं विद्यार्थ्याचं काम, पण सरांनी एवढं ओझं उचलायचं म्हणजे मला... म्हणून मी आणून दाराशी ठेवते आणि तासाला निघून जाते."

"अरेच्चा!" सर म्हणाले. "पिण्याचं पाणी मी आणतो. मॅडमनी खालच्या नळावर बाटली घेऊन रांगेत उभं राहायचं, हे बरं दिसत नाही. त्या तासाला गेल्या की मी आणून ठेवतो. आज माझा कॅन त्यांच्या कॅनशेजारी टेकवला, घाम पुसला, आणि..."

"आणि चुकीचा स्टँडवर चढवला," पाहुणे म्हणाले.

"चूक माझी आहे," मॅडम म्हणाल्या. "मी कॅनवर चिठ्ठी लावायला हवी होती."

"छे, माझी. मी तपासायला हवं होतं."

"नाही सर, माझीच."

"मॅडम, मी असताना तुम्ही कशाला..."

"थांबा!" पाहुणे कडाडले. इतका वेळ कोरडे असलेले पाहुणे आता भलतेच वैतागले होते. "मला एक सांगा. तुम्हा दोघांत विद्यार्थी कोण?"

"मी," दोघंही म्हणाले.

पाहुण्यांनी कपाळाला हात लावला. मग ते म्हणाले, "लाल सोनं सगळेच दाखवतात. निळं झालेलं लोक गुपचूप ओतून देतात. तुमच्याकडे खिडकीभर आहे. हे प्रबंधात घाला, मग मी मंजुरी देतो."

"घालतो, सर," सर म्हणाले. "अनवधानाने पाण्यात बदल झाला, असं एक वाक्य..."

"अनवधान वगैरे चालणार नाही. पद्धत लिहायची. कोणी काय उचललं, कुठून आणलं, कुठे ठेवलं. दुसऱ्या कुणाला हीच चूक पुन्हा करायची असेल, तर तुमचा प्रबंध वाचून करता आली पाहिजे."

"आणि सर, लवकर द्या," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी मान ताठ केली. "उद्या सकाळी मला टेबलावर हवंय."

"हो मॅडम," सर म्हणाले आणि अक्षरशः धावत घरी निघाले.

घरी बायकोने टाइप करायची तयारी करून ठेवली होती. हॉलमधलं जड टेबल दिव्याखाली ओढून आणलेलं होतं, ते तिनेच. सरांची कंबर धरल्यापासून घरातलं काहीही जड तीच उचलायची. बाजाराच्या पिशव्या, गाद्या, गॅसचं सिलिंडर. सरांनी साधी पाण्याची बादली उचलायची म्हटली तरी "आई गं" म्हणून ते खाली बसत, आणि ती धावत येऊन बादली हातातून घेई.

"झालं का मग लाल?" तिने विचारलं.

"लालभडक!" सर आरामखुर्चीत टेकत म्हणाले. "मंजुरीही मिळतेय. फक्त पद्धतीत एक परिच्छेद वाढवायचाय. आज तेवढा झाला की मी डॉक्टर. घे लिहून."

तिला खरंच आनंद झाला. तिने बोटं मोडली आणि टाइप करायला घेतलं. सर डोळे मिटून सांगू लागले. पाहुण्यांनी बजावलं होतं तसं, काही न वगळता.

"प्रयोगासाठी वापरलेले दोन्ही कॅन वीस लिटरचे व पांढऱ्या रंगाचे होते. डिस्टिल्ड पाण्याचा कॅन मार्गदर्शकांनी भरून दाराशी ठेवला. पिण्याच्या पाण्याचा कॅन संशोधकाने तळमजल्यावर भरला व नेहमीप्रमाणे स्वतः उचलून दोन जिने चढून वर आणला."

टकटक थांबली. सरांना वाटलं, तिचं मागे राहिलंय. ते थोडं थांबले आणि म्हणाले, "झालं? मग पुढे लिही. त्यानंतर संशोधकाने तो कॅन..."

"थांबा जरा," बायको म्हणाली. आवाज अगदी शांत होता. "नेहमीप्रमाणे म्हणजे?"

"म्हणजे रोज. पद्धत आहे ना, सगळं लिहावं लागतं."

"भरलेला? वीस लिटरचा?"

"हो."

"दोन जिने?"

"अगं हो, लिफ्ट बंद आहे तिकडची," सर म्हणाले, आणि मग त्यांनी डोळे उघडले.

बायकोने कीबोर्डवरचे दोन्ही हात काढून मांडीवर ठेवले होते.

"कुठल्या कमरेनं?" तिने विचारलं.